विश्लेषण : क्वार्टरबॅक बदलला की कॉलेज फुटबॉल संघाचे आक्रमणच का बदलते?

मैदानावर अकरा खेळाडू, पण त्यातला एक बदलला की उरलेल्या दहांचे काम बदलते. कधी या बदलाने हरलेला सामना जिंकला जातो, तर कधी अपराजित संघालाही जेतेपदाच्या शर्यतीतून बाहेर बसावे लागते. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या बदलाला इतके महत्त्व का आहे?

८ जानेवारी २०१८. अटलांटाच्या मर्सिडीझ-बेंझ स्टेडियममध्ये अलाबामा आणि जॉर्जिया यांच्यात कॉलेज फुटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना सुरू होता. मध्यंतराला अलाबामा ०-१३ असा मागे होता. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स याने आठपैकी फक्त तीन फेकी यशस्वी केल्या होत्या आणि त्यातून मिळाले होते अवघे २१ यार्ड. हर्ट्स काही नवखा नव्हता. त्या सामन्यापूर्वी त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या २७ सामन्यांपैकी अलाबामाने २५ जिंकले होते. तरीही प्रशिक्षक निक सेबन यांनी मध्यंतरानंतर त्याला बसवले आणि पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवायलोआला मैदानात उतरवले.

पुढे जे झाले ते आजही सांगितले जाते. अलाबामाने बरोबरी साधली, सामना अतिरिक्त वेळेत गेला. तिथे जॉर्जियाने तीन गुण घेतले. अलाबामाच्या पहिल्याच चालीत टुआ पकडला गेला आणि संघ १६ यार्ड मागे ढकलला गेला. त्यानंतरच्या चालीत त्याने डेव्होन्टा स्मिथकडे ४१ यार्डांची फेक केली आणि सामना संपला. अलाबामा २६, जॉर्जिया २३.

खेळाडू तेच, प्रशिक्षक तेच, प्रतिस्पर्धीही तोच. बदलला तो फक्त एक. मग आक्रमण एवढे कसे बदलले?

क्वार्टरबॅक नेमके काय करतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला 'डाऊन' म्हणतात. चार डाऊनमध्ये १० यार्ड गाठले तर नव्याने चार संधी, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. मैदान १०० यार्डांचे, म्हणजे साधारण ९१ मीटरचे. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. तिथवर पोहोचता आले नाही तर चेंडूला लाथ मारून खांबांमधून पार करायचा, म्हणजे फील्ड गोल, तीन गुण.

यातली जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, चेंडू मागे त्याच्याकडे देतो. मग तो चेंडू धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती द्यायचा, लांब फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याने ठरवायचे. फेकायचा असेल तर निर्णयाला साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. कारण समोरून शंभर-सव्वाशे किलोंचे खेळाडू त्याच्या अंगावर येत असतात.

पण खरे काम चेंडू हातात येण्याआधी सुरू होते. समोरच्या बचावफळीची रचना वाचायची, कोण अंगावर येणार आणि कोण मागे थांबणार याचा अंदाज घ्यायचा, पुढच्या पाच जणांनी कोणाला अडवायचे ते ओरडून सांगायचे आणि गरज पडली तर ठरलेली चालच बदलायची. क्रिकेटमध्ये सलामीचा फलंदाज जखमी झाला तर बाकीचे दहा जण आपापला खेळ खेळू शकतात. इथे तसे होत नाही. कर्णधार, यष्टिरक्षक आणि प्रत्येक चेंडू टाकणारा गोलंदाज अशी तिन्ही कामे एकाच माणसाकडे दिली, तर त्याची जागा दुसऱ्याने घेतल्यावर जे होईल, तसे काहीसे हे आहे.

बदल झाला की सर्वांत आधी काय बिघडते?

आधी बिघडतो तो ताल. चांगली फेक ही सहकारी मोकळा झाल्यावर केली जात नाही, तो मोकळा होण्याच्या आधीच केली जाते. झेल घेणारा रिसीव्हर ठरावीक पावले धावून वळतो, तेव्हा चेंडू हवेत असावा लागतो. नव्या क्वार्टरबॅकचा हात जरा जास्त वेगवान असेल किंवा त्याचा निर्णय अर्ध्या सेकंदाने उशिरा होत असेल, तर तीच चाल फसते. चूक कोणाचीच नसते, पण चेंडू जमिनीवर पडतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. चाल सुरू करण्याची हाक प्रत्येक क्वार्टरबॅक आपल्या लयीत देतो. पुढच्या फळीतला दीडशे किलोंचा खेळाडू त्या लयीवर सुटतो. लय बदलली आणि तो क्षणभर आधी हलला, तर 'फॉल्स स्टार्ट'चा दंड होतो आणि पाच यार्ड मागे जावे लागते. दहा यार्डांसाठी झगडणाऱ्या संघाला पाच यार्ड ही मोठी किंमत आहे.

तिसरी गोष्ट हाताची. टुआ डावखुरा आहे. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक फेकायला वळतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे असते. म्हणून डाव्या टोकाला उभा असलेला 'लेफ्ट टॅकल' हा संघाचा सर्वांत विश्वासू रक्षक मानला जातो. डावखुरा आला की ही न दिसणारी बाजू उजवीकडे जाते. टुआ अलाबामाचा नियमित क्वार्टरबॅक झाल्यावर त्याच्या पाठीची राखण उजव्या बाजूच्या जेड्रिक विल्सकडे आली. शिवाय डाव्या हाताने फेकलेला चेंडू उलट्या दिशेने फिरत येतो. झेल घेणाऱ्यांना त्याची सवय करून घ्यावी लागते.

मग राखीव खेळाडूला आधीच तयार का करत नाहीत?

करतात, पण वेळ कमी असतो. कॉलेज क्रीडा संघटना 'एनसीएए'च्या नियमानुसार हंगामात विद्यार्थी-खेळाडूंकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त अधिकृत सराव करून घेता येत नाही. हे खेळाडू कागदोपत्री तरी आधी विद्यार्थी असतात. त्या २० तासांत मैदानावरचा सराव, व्यायाम, व्हिडीओ पाहणे आणि बैठका सगळे आले. मुख्य संघासोबतच्या सरावाचा मोठा वाटा साहजिकच पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला मिळतो. उरलेले तुकडे दुसऱ्याला. तिसरा तर बहुतेक वेळा 'स्काउट टीम'मध्ये असतो. म्हणजे पुढच्या सामन्यातल्या प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकची नक्कल करून तो आपल्याच बचावफळीला सराव देतो. तो आठवडाभर दुसऱ्याच संघाच्या चाली खेळत असतो.

व्यावसायिक एनएफएलमध्ये प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून क्वार्टरबॅकशी अनेक वर्षे बोलत आले आहेत. कॉलेजच्या सर्वोच्च विभागात ही सोय २०२४च्या हंगामापासून आली. तीही चाल सुरू होण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होते. त्याआधी सीमारेषेवरून हातवारे आणि चित्रांचे फलक दाखवून चाली कळवल्या जायच्या. नवख्याला रेडिओचा आधार नक्कीच होतो. पण शेवटचे १५ सेकंद, जेव्हा बचावफळी आपली जागा बदलते, तेव्हा तो एकटाच असतो.

प्रशिक्षक चालींची वही लहान करतात, म्हणजे काय करतात?

नवा क्वार्टरबॅक आला की आक्रमणाचे नियोजन करणारा प्रशिक्षक, म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, सगळ्यात आधी कात्री हातात घेतो. शेकडो चालींपैकी त्या मुलाला झोपेतही जमतील अशाच चाली ठेवल्या जातात.

त्यात काही ठरलेले उपाय असतात. धावण्याचे प्रमाण वाढवणे हा पहिला. जवळच्या जवळ, आडव्या फेकी देणे हा दुसरा. चेंडू लवकर हातातून सुटतो आणि पुढची धाव सहकारी काढतो. तिसरा उपाय म्हणजे क्वार्टरबॅकला जागेवर उभे न ठेवता एका बाजूला पळत नेणे. त्यामुळे त्याला अर्धेच मैदान वाचावे लागते. चौथा, धावण्याचे नाटक करून फेकणे. चेंडू सहकाऱ्याला दिल्याचा आव आणला की बचावपटू पुढे सरकतात आणि त्यांच्या मागे जागा मोकळी होते.

अडचण अशी की समोरच्या प्रशिक्षकालाही हे सगळे माहीत असते. फेक होणार नाही याची खात्री पटली की बचावफळी आठ-आठ जण पुढे आणून उभे करते. मग धावायलाही जागा उरत नाही. वही लहान केल्याने नवखा वाचतो, पण आक्रमणाचा अंदाज बांधणे सोपे होते. सगळी कसरत या दोन टोकांच्या मधली आहे.

पळणारा क्वार्टरबॅक आणि फेकणारा क्वार्टरबॅक यांत एवढा फरक कशामुळे?

इथे साधे गणित आहे. धावण्याच्या चालीत क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्याला दिला आणि स्वतः बघत उभा राहिला, तर आक्रमणाचे दहाच खेळाडू कामात उरतात. बचावात मात्र अकरा. क्वार्टरबॅक स्वतः पळू शकत असेल तर त्या अकराव्यालाही त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते आणि हिशेब बरोबरीत येतो. कॉलेजमध्ये लोकप्रिय असलेला 'रीड ऑप्शन' याच गणितावर उभा आहे. त्यात टोकाच्या एका बचावपटूला मुद्दाम अडवत नाहीत. तो आत धावला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळतो. तो जागेवर थांबला तर चेंडू सहकाऱ्याला देतो.

म्हणून पळणाऱ्याच्या जागी उभ्याने फेकणारा आला की ही चालच वहीतून जाते. बदल उलट दिशेने झाला तर संघ लांबच्या फेकी गमावतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण ओहायो स्टेटच्या २०१४च्या हंगामात सापडते.

एका हंगामात तीन क्वार्टरबॅक, तरीही जेतेपद कसे?

ओहायो स्टेटचा ब्रॅक्सटन मिलर २०१२ आणि २०१३ अशी दोन वर्षे 'बिग टेन' विभागाचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, सरावात त्याचा खांदा दुखावला. जे. टी. बॅरेट आला. दुसऱ्याच सामन्यात व्हर्जिनिया टेककडून संघ २१-३५ असा हरला. बॅरेटच्या २९ पैकी नऊच फेकी जमल्या आणि तीन प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्या. पण प्रशिक्षक अर्बन मायर यांनी त्याला बदलले नाही. हळूहळू ताल बसला. फेकी आणि धावा मिळून त्याने त्या हंगामात ४५ टचडाऊन नोंदवले.

२९ नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध बॅरेटचा घोटा मोडला. सहा फूट पाच इंच उंचीचा कार्डेल जोन्स हा तिसरा क्वार्टरबॅक. त्याच्या कारकिर्दीतला सुरुवातीपासून खेळलेला पहिलाच सामना होता विभागाचा अंतिम सामना, विस्कॉन्सिनविरुद्ध, तोही फक्त आठवडाभराने. निकाल ५९-०. जोन्सने १७ पैकी १२ फेकी यशस्वी केल्या आणि २५७ यार्ड मिळवले. त्याचे तिन्ही टचडाऊन एकाच खेळाडूकडे गेले, लांब धावणाऱ्या डेव्हिन स्मिथकडे.

पुढे राष्ट्रीय उपांत्य सामन्यात अलाबामावर ४२-३५ आणि १२ जानेवारी २०१५ रोजी अंतिम सामन्यात ओरेगनवर ४२-२० असा विजय. या तीन सामन्यांत सर्वाधिक चर्चा जोन्सची झाली, पण आकडे वेगळेही काही सांगतात. धावपटू एझिकिएल एलियट याने अनुक्रमे २२०, २३० आणि २४६ यार्ड काढले. तीन सामन्यांत ६९६ यार्ड!

दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. जोन्सचा हात इतका ताकदवान होता की बचावफळीला मागे दोन जण ठेवणे भाग पडले. ते मागे गेल्यावर एलियटला पुढे वाट मिळाली. आणि एलियट पळू लागल्यावर बचावपटू पुढे आले, की स्मिथ मागे मोकळा. प्रशिक्षकांनी जोन्सला बॅरेट होण्यास सांगितले नाही. त्याला जे येत होते त्याभोवती आक्रमण मांडले. पुढची फळी तीच होती, ती एकत्र खेळून पक्की झाली होती. शिवाय प्रतिस्पर्ध्यांकडे जोन्सचे अभ्यासण्यासारखे व्हिडीओ फारसे नव्हते.

गंमत म्हणजे पुढच्या वर्षी बॅरेट आणि जोन्स दोघेही तंदुरुस्त होते. हंगाम जोन्सने सुरू केला, मधेच बॅरेटकडे सूत्रे गेली. दोन नामांकित क्वार्टरबॅक असूनही आक्रमणाला एक चेहरा मिळाला नाही. मिशिगन स्टेटकडून १४-१७ असा एकच पराभव झाला, पण तेवढ्याने जेतेपदाची संधी गेली.

फ्लोरिडा स्टेटबाबत अन्याय झाला का?

क्वार्टरबॅक बदलाची सर्वांत कडू कहाणी २०२३ची. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ एकही सामना हरला नव्हता. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसच्या डाव्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा कॉलेजचा प्रवास तिथेच संपला.

पुढचा सामना टेट रोडमेकरने फ्लोरिडाविरुद्ध २४-१५ असा जिंकून दिला. त्यात त्याच्या डोक्याला मार लागला. मग विभागाच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा ब्रॉक ग्लेन उतरला. त्याच्या २१ पैकी आठ फेकी यशस्वी झाल्या, मिळाले ५५ यार्ड. तरीही बचावफळीच्या जोरावर फ्लोरिडा स्टेटने लुईव्हिलला १६-६ असे हरवले. १३ सामने, १३ विजय.

दुसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला, राष्ट्रीय जेतेपदासाठीच्या चार संघांची नावे जाहीर झाली. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि एक पराभव पदरी असलेला अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचव्या क्रमांकावर, म्हणजे बाहेर. मोठ्या विभागाचा अपराजित विजेता चार संघांच्या प्ले-ऑफबाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ होती. ट्रॅव्हिसविना हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही, असे निवड समितीचे म्हणणे होते. आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे संघ माझ्याशिवायही काय आहे ते समितीला दिसले असते, अशा आशयाची भावना ट्रॅव्हिसने समाजमाध्यमावर व्यक्त केली.

हा वाद आजही मिटलेला नाही. समितीच्या बाजूने युक्तिवाद असा, की ५५ यार्डांच्या फेकींवर बलाढ्य संघांपुढे निभाव लागला नसता. विरोधातला युक्तिवाद अधिक साधा आहे. सामने खेळले ते संघाने, जिंकलेही संघाने. मग एका मुलाचा पाय मोडला म्हणून उरलेल्यांचे विजय कमी कसे मोजायचे? पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे चिरडले. पण तोवर अनेक प्रमुख खेळाडूंनी त्या सामन्यातून अंग काढून घेतले होते. त्यामुळे त्या निकालाने काहीच सिद्ध होत नाही.

२०२४ पासून प्ले-ऑफमध्ये १२ संघ असतात. हीच पद्धत वर्षभर आधी असती तर फ्लोरिडा स्टेट आत असता.

दुखापत नसतानाही चांगला क्वार्टरबॅक का बदलतात?

कारण 'जिंकतोय' आणि 'जेतेपद जिंकेल' यात प्रशिक्षकांना फरक दिसतो. २०१८ मध्ये क्लेम्सनने केली ब्रायंटच्या नेतृत्वाखाली पहिले चारही सामने जिंकले होते. तरी प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी पहिल्या वर्षाच्या ट्रेव्हर लॉरेन्सला पुढचा सामना सुरू करण्यासाठी निवडले. लॉरेन्सच्या लांब फेकींनी आक्रमणाची मर्यादाच विस्तारत होती.

मात्र या निर्णयाला दुसरी बाजू होती. त्याच वर्षी नवा नियम आला होता. चारपर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूचे ते वर्ष त्याच्या खेळण्याच्या चार वर्षांत मोजले जाणार नव्हते. ब्रायंटचे नेमके चार सामने झाले होते. त्याने लगेच संघ सोडला आणि पुढच्या वर्षी तो मिसुरीकडून खेळला.

त्याच आठवड्यात सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्स दुसऱ्या सत्रात जखमी झाला. आता अनुभवी ब्रायंट बाकावर नव्हता. चेस ब्राइसला उतरावे लागले. २०-२३ अशा पिछाडीवर, स्वतःच्या सहा यार्डांच्या रेषेजवळून त्याने संघाला ९४ यार्ड नेले. मधे एका चौथ्या डाऊनवर सहा यार्ड हवे होते, तिथे त्याने टी हिगिन्सकडे अचूक फेक केली. शेवटी धावपटू ट्रॅव्हिस एटिएनने टचडाऊन केले आणि २७-२३ असा विजय मिळाला. एटिएनच्या त्या दिवशीच्या धावा २०३ यार्डांच्या. नवखा क्वार्टरबॅक तरला तो त्या धावांमुळेही. क्लेम्सनने तो हंगाम १५-० असा संपवला. अंतिम सामन्यात अलाबामाला ४४-१६ असे हरवताना लॉरेन्सने ३४७ यार्ड फेकले. ब्राइसची ती एक मोहीम फसली असती, तर स्विनी यांचा निर्णय आज वेगळ्याच शब्दांत आठवला गेला असता.

नव्याचा प्रभाव किती टिकतो?

अनेकदा पहिला सामना फसवा असतो. प्रतिस्पर्ध्याकडे व्हिडीओ नसतात, सहकारी जिवाचे रान करतात. जॉर्जियाचे २०२४ मधले उदाहरण बोलके आहे. एसईसी विभागाच्या अंतिम सामन्यात टेक्सासविरुद्ध पहिल्या सत्रार्धाच्या शेवटच्या चालीत कार्सन बेकच्या कोपराला दुखापत झाली. जॉर्जिया ३-६ मागे होता. गनर स्टॉकटन आला आणि सामना अतिरिक्त वेळेत जिंकला, २२-१९. शेवटी स्टॉकटनचे हेल्मेट एका धडकेत उडाले आणि नियमानुसार त्याला एका चालीसाठी बाहेर जावे लागले. तेव्हा हात दुखावलेला बेक परत आला, फक्त चेंडू ट्रेव्हर एटिएनच्या हाती देण्यासाठी. त्याच चालीत विजयी टचडाऊन झाले.

पण प्ले-ऑफमध्ये, २ जानेवारी २०२५ रोजी, तयारीला पुरेसे दिवस मिळालेल्या नोत्र दामने जॉर्जियाला २३-१० असे रोखले. मध्यंतराआधी स्टॉकटनच्या हातून चेंडू हिसकावला गेला आणि पुढच्याच चालीत नोत्र दामने टचडाऊन केले. सामना तिथेच फिरला.

म्हणून बदल यशस्वी झाला का, हे पाहताना केवळ निकाल किंवा क्वार्टरबॅकचे एकूण यार्ड पाहणे पुरेसे नाही. तिसऱ्या डाऊनवर किती वेळा यश मिळाले, प्रत्येक फेकीमागे सरासरी किती यार्ड आले, चेंडू किती वेळा गमावला आणि धावपटूची सरासरी वाढली की घटली, हे आकडे अधिक बोलतात. त्यातही सावधगिरी हवी. कॉलेजच्या नियमित हंगामात १२च सामने असतात. दोन-तीन सामन्यांवरून निष्कर्ष काढणे म्हणजे पहिल्या षटकावरून खेळपट्टी ओळखणे.

आता राखीव क्वार्टरबॅक बाकावर थांबतो का?

हाच आजचा कळीचा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'ट्रान्स्फर पोर्टल' सुरू झाले. २०२१ पासून खेळाडूला एकदा वर्षभर बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागले. २०२४ मध्ये ही एका वेळेची मर्यादाही गेली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातीतून कमावण्याची मुभा मिळाली. २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना वर्षाला एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटू शकतात.

परिणाम सरळ आहे. ज्याला दुसरीकडे पहिला क्रमांक आणि पैसा मिळतो, तो दुसऱ्या क्रमांकावर तीन वर्षे का थांबेल? ओहायो स्टेटच्या बाकावर बसलेला जो बरो एलएसयूमध्ये गेला आणि २०१९ मध्ये ६० टचडाऊन फेकून अपराजित विजेता ठरला. अशी उदाहरणे प्रत्येक राखीव खेळाडूला पाठ असतात. त्यामुळे जॉर्डन ट्रॅव्हिसच्या जागी तीन वर्षे त्याच वहीवर घोटलेला मुलगा मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. बाहेरून आणलेला नामांकित क्वार्टरबॅकही हमी देत नाही. फ्लोरिडा स्टेटने २०२४ साठी अनुभवी डी. जे. उईयागालेलेईला आणले. त्या हंगामात संघाचे दोन विजय आणि दहा पराभव झाले.

मग बसवलेल्या हर्ट्सचे काय झाले?

तो गेला नाही. अंतिम सामन्यात बसवल्यानंतर २०१८चा पूर्ण हंगाम तो टुआच्या मागे थांबला. १ डिसेंबर २०१८ रोजी एसईसीचा अंतिम सामना होता. तेच स्टेडियम, तोच प्रतिस्पर्धी जॉर्जिया. अलाबामा २१-२८ असा मागे असताना टुआचा घोटा दुखावला आणि हर्ट्सला बोलावणे आले. त्याने नऊपैकी सात फेकी यशस्वी केल्या, एका फेकीवर बरोबरी साधली आणि मिनिटभराचा खेळ उरला असताना स्वतः १५ यार्ड पळत जाऊन विजयी टचडाऊन केले. ३५-२८. एरवी कठोर समजले जाणारे सेबन सामन्यानंतर बोलताना भावुक झाले होते.

त्याच महिन्यात हर्ट्सने पदवी घेतली. पुढचा हंगाम तो ओक्लाहोमाकडून खेळला आणि सर्वोत्तम खेळाडूच्या हाइजमन पुरस्कारात बरोपाठोपाठ दुसरा आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने सुपर बोल जिंकला, तेव्हा सामन्याचा मानकरी होता जेलन हर्ट्स.

अलाबामाला त्या डिसेंबरमध्ये तयार राखीव खेळाडू मिळाला, कारण तो आधी पहिल्या क्रमांकावर खेळलेला होता आणि तरीही थांबला होता. त्याला वही पाठ होती, सहकाऱ्यांना त्याची हाक ओळखीची होती. क्वार्टरबॅक बदलूनही आक्रमण मोडू नये यासाठी याहून खात्रीचा उपाय अजून सापडलेला नाही. आणि आजच्या व्यवस्थेत तोच सर्वांत दुर्मीळ झाला आहे.